९८ टक्के खराब, मग लेकरू कसं निघेल?

पत्र थोडक्यात: नागपूरचे एक वाचक आहेत, वय ३४, हिंगणा एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ शिफ्टला. बायको ३१ ची, लग्नाला सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी इक्सी केलं, म्हणजे लॅबमध्ये एक स्पर्म (शुक्राणू) सुईने थेट एगमध्ये (स्त्रीबीजात) सोडतात ते, आठ एग्ज मिळाली, चार फलित झाली, पाचव्या दिवसापर्यंत दोन एम्ब्रियो (सुरुवातीचे गर्भ) तयार झाले. एक ट्रान्सफर केला तो राहिला नाही, एक फ्रीझ करून ठेवलाय. नंतर परत सीमेन म्हणजे वीर्याची टेस्ट केली तर स्पर्मचा काउंट एका मिलीलिटरला ९० लाख आणि नॉर्मल आकाराचे फक्त २ टक्के. आता सेंटरने पुढच्या सायकलसाठी, म्हणजे उपचाराच्या पुढच्या फेरीसाठी, 'स्पेशल स्पर्म सिलेक्शन'चे ७० हजार जास्तीचे सांगितलेत. ते विचारतात की मागच्या वेळी चुकीचा स्पर्म निवडला गेला असेल का, ९८ टक्के खराब असतील तर होणारं मूल पण तसंच निघेल का, बायकोचा गोफ मोडून सगळ्यात महागडी निवड करून घ्यावी का, की सरळ डोनरच, म्हणजे दुसऱ्या पुरुषाचे स्पर्म, घ्यावा. घरी आई सुनेलाच बोलते, हे गप्प राहतात. दुसरा रिपोर्ट बायकोला दाखवलेला नाही, बाइकच्या डिक्कीत रेनकोटखाली ठेवलाय.

नमस्कार भाऊ,

आधी त्या २ टक्क्यांचं बोलू, कारण तेच तुम्हाला झोपू देऊन नाही राहिलं. सीमेन तपासायचं जागतिक आरोग्य संघटनेचं एक पुस्तक आहे, जगभरातल्या लॅब त्यावरूनच चालतात, त्याची सहावी आवृत्ती २०२१ ची. त्यात नॉर्मल आकाराची खालची हद्द किती दिलीय माहीत आहे? ४ टक्के. चाळीस नाही, चार. आणि ही हद्द काढली कशी, तर ज्यांच्या बायकोला वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यातले सगळ्यात खालचे पाच टक्के लोक जिथे संपतात तो आकडा घेतला. म्हणजे तुमच्या मिलमध्ये, तुमच्या गल्लीत जे दोन-दोन लेकरांचे बाप फिरून राहिले त्यातल्या कित्येकांचे नव्वद टक्क्यांच्या वर स्पर्म रिपोर्टच्या भाषेत अॅबनॉर्मलच निघतील, त्यांनी फक्त कधी टेस्ट केली नाही. डोकं जरा लांबट, मान जरा जाड, शेपटी वाकडी, की झाला तो अॅबनॉर्मल, इतकी कडक मोजणी असते ती.

तुमचे २ आहेत, चारच्या खाली, आणि काउंट ९० लाख म्हणजे १ कोटी ६० लाखांच्या हद्दीच्या खाली, हे खरंय, अशा वेळी डॉक्टर इक्सी सांगतात आणि ते योग्यच आहे. पण रिपोर्टवर कुठेही 'खराब' लिहिलेलं नसेल, तो शब्द तुमचा आहे. स्पर्मच्या डोक्याच्या आकारावरून लेकराचा चेहरा, त्याची बुद्धी, तब्येत यातलं काहीच सांगता येत नाही. वाकड्या शेपटीच्या स्पर्मची अडचण ही आहे की तो एगपर्यंत पोचत नाही, पोचला तर आत शिरत नाही, आणि इक्सीत नेमकं तेवढंच काम सुई करून देते. काउंट फारच कमी असेल, मिलीला ५० लाखांच्या खाली वगैरे, तर डॉक्टर गुणसूत्रांच्या तपासण्या करायला सांगतात कारण काही वेळा कारण तिथे असतं आणि ते मुलाकडे जाऊ शकतं. तुमचा आकडा त्याच्या वर आहे, तरी मनात शंका असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, विचारायला पैसे लागत नाहीत. हे पत्र वाचणारे बाकीचे जे कोणी असतील, ज्यांचा काउंट त्याच्या खाली किंवा शून्य आलाय, त्यांनी मात्र ही तपासणी टाळू नका.

आता 'चुकीचा स्पर्म निवडला गेला का' हा प्रश्न. मी एकदा एका लॅबच्या काचेबाहेर उभं राहून स्क्रीनवर हे काम पाहिलंय, ते सांगते, म्हणजे निवडणं म्हणजे नक्की काय ते तुमच्या डोळ्यासमोर येईल. बशीएवढी पण नाही अशी प्लास्टिकची चपटी डिश, त्यात तेलाखाली थेंब ठेवलेले, एका थेंबात जरा घट्टसर द्रव असतो, त्यात स्पर्मचा वेग मंदावतो म्हणून ते हाती लागतात. एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये हे काम करणारी तज्ज्ञ, एक मुलगी होती, तिशीची पण नसेल, दोन्ही हात मायक्रोस्कोपच्या दोन बाजूंच्या दांड्यांवर, श्वास रोखल्यासारखी बसलेली. स्क्रीनवर एक स्पर्म दिसला, ती त्याच्या मागे मागे गेली, मग सोडून दिला, दुसरा पाहिला, तो पण सोडला, तिसऱ्याजवळ थांबली, डोकं अंडाकृती, मान सरळ, पोहत होता. मग तिने काचेची सुई, केसाहून बारीक, त्याच्या शेपटीवर टेकवली आणि डिशच्या तळाला हलकंच घासली, शेपटीला मुरड पडली आणि तो थांबला. शेपटीच्या बाजूने सुईत ओढला. पलीकडच्या थेंबात एग दुसऱ्या काचनळीने अलगद धरून ठेवलेलं, सुई टोचली तशी त्याची भिंत आधी आत दबत गेली, दबत गेली, आणि मग एकदम सुटली. मला वाटतं सगळं मिळून दोन-तीन मिनिटं असतील. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, मॅडम, मी फक्त दिसतं तेवढंच पाहू शकते.

तिचं वाक्य मी विसरले नाही कारण सगळा विषय त्यातच आहे. साधारण चारशे पट मोठं करून तिला आकार दिसतो आणि हालचाल दिसते, बस. आतल्या डीएनएत काय लिहिलंय ते बाहेरून दिसत नाही. आणि तपासायचं म्हटलं तर त्या स्पर्मला रंग देऊन, फोडून तपासावं लागतं, म्हणजे जो तपासला तो वापरता येत नाही आणि जो वापरायचा तो तपासता येत नाही. म्हणून नागपुरात काय, मुंबईत काय, जगात कुठेच कोणी 'सगळ्यात चांगला' स्पर्म निवडून देऊ शकत नाही, आणि त्यामुळेच मागच्या वेळी कोणी 'चुकीचा' निवडला असंही म्हणता येत नाही.

जे होतं ते गाळण्याचं काम होतं. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, आमच्याकडे धानाचं बियाणं पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकतात, पोचट दाणे वर तरंगतात ते काढून फेकायचे, भरीव तळाशी बसतात ते चांगल्या पाण्याने धुऊन घ्यायचे. लॅबमध्ये जवळजवळ हेच करतात. एका नळीत कमी-जास्त दाटपणाच्या द्रवाचे दोन थर, वरून सीमेन सोडायचं आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, चांगले घट्ट डोक्याचे पोहणारे स्पर्म खाली जमतात, मेलेले, कचरा, बाकीच्या पेशी वर अडकतात. दुसरी पद्धत त्याच्या उलट, नमुन्यावर पोषक द्रव अलगद सोडायचा, नळी तिरपी करून शरीराइतक्या उबेत अर्धा-एक तास ठेवायची, ज्याच्यात दम आहे ते स्वतःच पोहून वर येतात. हे तुमच्या मागच्या सायकलमध्ये पण झालेलंच आहे, त्याचे पैसे तुम्ही दिलेत, ते कोणी विसरलं नव्हतं. पण माझ्या वडिलांनी तळाचं बियाणं हातात घेऊन कधी असं नाही म्हटलं की यातला हा एक दाणा सगळ्यात जास्त पिकणार. गाळता येतं, भविष्य सांगता नाही येत.

आता ७० हजारांवर येऊ. पॅकेजमध्ये नेमकं काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही, बहुतेक तुम्हाला पण नीट सांगितलं नसेल, म्हणून जे जे असू शकतं ते सांगते. पिक्सी म्हणजे डिशमध्ये हायल्युरोननचे ठिपके असतात, एगच्या भोवती जे असतं तेच, पिकलेले स्पर्म त्याला चिकटतात आणि चिकटलेल्यातून निवडायचं. मॅक्स म्हणजे मरायला टेकलेल्या स्पर्मना बारीक चुंबकी मणी चिकटवून चुंबकाने बाजूला काढायचे. चिप म्हणजे केसासारख्या बारीक वाटांतून स्पर्मना पोहून जाऊ द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं नाही. इम्सी म्हणजे तेच इक्सी पण सहा हजार पट वगैरे मोठं करून पाहायचं. ऐकायला सगळंच पटतं, मलाही पटलं होतं.

पण पटणं वेगळं आणि लेकरू हातात येणं वेगळं. पिक्सीची इंग्लंड-स्कॉटलंडकडे मोठी चाचणी झाली, २७०० च्या वर जोडपी होती, निकाल २०१९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. साध्या इक्सीवाल्यांमध्ये बाळ जन्माला यायचं प्रमाण २५.२ टक्के, पिक्सीवाल्यांमध्ये २७.४. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, म्हणून संशोधकांनी स्पष्ट लिहिलं की फायदा सिद्ध झाला नाही. गर्भपाताचं प्रमाण मात्र पिक्सीत कमी दिसलं, ४ टक्क्यांच्या आसपास विरुद्ध ७, त्यामुळे ज्यांना दिवस राहतात पण वारंवार पडतं अशा जोडप्यांनी डॉक्टरांशी याबद्दल बोलायला हरकत नाही. तुमचं तसं नाहीये, तुमच्याकडे गर्भ राहिलाच नव्हता. युरोपातल्या या विषयातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये असल्या जास्तीच्या गोष्टींचा आढावा घेतला तेव्हा यातलं काहीच सरसकट वापरा असं सांगितलं नाही. मी असं म्हणत नाही की तुमचे डॉक्टर फसवून राहिले, पुष्कळ डॉक्टरांना मनापासून वाटतं की पेशंटसाठी अजून काहीतरी करावं, आणि सायकल फेल झाल्यावर पेशंट पण तेच मागतो, काहीतरी नवीन करा म्हणतो. पण गोफ मोडण्याइतका पुरावा यात नाही. मी तुमच्या जागी असते तर मोडला नसता.

आणि भाऊ, एक गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे निघून गेलात आणि मी तिथेच अडकले. तुमचा एक एम्ब्रियो फ्रीझ आहे! पाचव्या दिवसाचा! म्हणजे त्याच्यासाठी स्पर्म निवडून झालाय, फलित होऊन झालंय, तो पाच दिवस वाढला पण. त्याच्या ट्रान्सफरसाठी तुमचा नवीन नमुना लागत नाही, वहिनींना परत दहा-बारा दिवस इंजेक्शनं आणि एग काढायची भूल लागत नाही, आणि कुठलंच सिलेक्शन पॅकेज तर लागतच नाही. मग नवीन सायकलची घाई कशासाठी, हे आधी विचारा. काही कारण असू शकतं, एम्ब्रियोचा दर्जा कमी असेल, आणखी एम्ब्रियो जमवून ठेवायचे असतील, पण ते कारण तुम्हाला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगायला पाहिजे. कायद्याने एम्ब्रियो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, तेव्हा तो काही वाया चाललेला नाही.

शिवाय विचार करा, चार एग फलित झाली आणि दोन पाचव्या दिवसापर्यंत गेले. ज्या स्पर्मना तुम्ही शिव्या देऊन राहिले त्यांनीच हे केलंय. पहिला ट्रान्सफर राहिला नाही याची कारणं पुष्कळ असतात, बऱ्याचदा त्या एम्ब्रियोच्या गुणसूत्रांतच गडबड असते आणि निसर्ग तो पुढे नेत नाही, अगदी दोघांचे रिपोर्ट नॉर्मल असणाऱ्यांकडे पण हे होतं. एका फेल ट्रान्सफरवरून स्पर्मवर ठपका ठेवायला जागा नाही.

मग तुम्ही काहीच करायचं नाही का? करायचं ना, आणि ७० हजारांपेक्षा फार स्वस्तात. स्पर्म तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे आज तुम्ही जे खाता-पिता, जिथे उभे राहता त्याचा हिशोब तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये येतो. आता मला सांगा, खर्रा किती होतो दिवसाचा? तुम्ही लिहिलं नाही पण भट्टीवर शिफ्ट करणारा नागपूरचा माणूस आणि खिशात पन्नी नाही असं मी क्वचितच पाहिलंय, म्हणून विचारते, राग मानू नका. तंबाखू मग ती विडीतली असो की घोटलेल्या खर्र्यातली, स्पर्मला वाईटच, काउंटलाही आणि डीएनएलाही. दुसरं म्हणजे भट्टी. अंडकोश शरीराच्या बाहेर लटकतात ते उगाच नाही, त्यांना शरीरापेक्षा दोन-चार डिग्री कमी उष्णता लागते, आणि तुम्ही मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीच्या गावात भट्टीसमोर आठ तास उभे. सुपरवायझरला कारण सांगायची गरज नाही, तीन महिन्यांसाठी पॅकिंगला किंवा स्टोअरला बदली मिळते का ते पाहा, नाहीच मिळाली तर मध्ये मध्ये थंड जागी बसा, घट्ट जीन्स सोडा, मांडीवर लॅपटॉप असेल तर तो खाली ठेवा. टेस्टच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने काउंट पडतो. आणि हे वाचणाऱ्या जिमवाल्या पोरांसाठी एक ओळ, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊन काउंट वाढत नाही, उलट शरीर स्वतःचं काम बंद करतं आणि काउंट शून्यापर्यंत जाऊ शकतो, ट्रेनर हे सांगत नाही.

एक रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नसतो, नमुन्या-नमुन्यात फार फरक येतो, त्यामुळे तीन महिन्यांनी परत करा, आधी दोन ते सात दिवस संबंध नाही एवढंच पाळा, पंधरा दिवस साठवून ठेवलं की जास्त चांगलं हा गैरसमज आहे, जुने स्पर्म साचतात फक्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्हाला आजवर कोणी तपासलंय का? नमुना नाही म्हणत मी, तुम्हाला. धंतोली-रामदासपेठेत एवढे दवाखाने आहेत, वहिनींच्या किती सोनोग्राफ्या झाल्या असतील, आणि पुरुष मात्र कपात नमुना देऊन बाहेर बाकावर बसतो. युरोलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे जा, पाच मिनिटांत हाताने तपासून कळतं की व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशाच्या नसा फुगल्यात का, काही जणांत तेच कारण निघतं आणि त्यावर इलाज आहे. डीएनए फ्रॅगमेंटेशनची, म्हणजे स्पर्मच्या डीएनएचे तुकडे झालेत का त्याची, टेस्ट करायची का, हे पण त्यांनाच विचारा. तरी कुठलं पॅकेज घ्यायचंच ठरलं तर सेंटरला विचारा की यातली नेमकी पद्धत कोणती, माझ्यासारख्या केसमध्ये ती का, आणि त्याने जन्माला येणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढतं असं दाखवता येईल का. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचं प्रमाण सांगितलं तर थांबवून परत विचारा, बाळांचं सांगा म्हणावं.

डोनरचं म्हणाल तर तो वाईट पर्याय नाही, ज्यांच्यात स्पर्मच मिळत नाहीत त्यांच्यासाठी तर फारच मोठा आधार आहे, २०२१ च्या एआरटी कायद्याने (असल्याच उपचारांसाठीचा कायदा) नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावा लागतो, दोघांची लेखी संमती लागते आणि मूल कायद्याने तुमचंच असतं. पण तुम्ही तो एवढ्यासाठी मागून राहिले की स्वतःला शिक्षा करायचीय. ज्या माणसाचा पाच दिवसांचा एम्ब्रियो फ्रीझरमध्ये आहे त्याला सध्या तरी डोनरची गरज नाही. आणि आईंनी 'निवडतातच आहेत तर मुलगाच निवडा' म्हटलं असं तुम्ही शेवटी लिहिलंय, त्याचं उत्तर छोटं आहे, गर्भधारणेच्या आधी लिंग निवडणं हासुद्धा पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा आहे, २००३ पासून तसं स्पष्ट आहे, आणि कोणी दबक्या आवाजात सुचवलं तर त्या दवाखान्यातून उठून या.

आता वहिनींचं. तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांच्याबद्दल दीड ओळ आहे, 'आई तिला बोलते, ती ऐकून घेते.' भाऊ, त्या काहून ऐकून घेतात? इंजेक्शनं त्यांनी घेतली, भूल त्यांना दिली, ट्रान्सफर झाल्यावर ते चौदा दिवस पोटावर हात ठेवून त्यांनी काढले, आणि निकाल आल्यावर बोलणीही त्यांनीच खाल्ली, आणि तुम्हाला माहीत होतं की अडचण तुमच्या बाजूची पण आहे. तुम्ही वाईट आहात असं मला वाटत नाही, वाईट माणूस इतकं लांब पत्र लिहीत नाही. तुम्हाला लाज वाटून राहिली, आणि मला वाटतं हे ७० हजार त्या लाजेचेच आहेत, गोफ मोडून काहीतरी मोठं केलं की मन हलकं होईल असं वाटतंय. पण तो गोफ त्यांचा आहे, आणि कशासाठी मोडतोय तेच त्यांना माहीत नाही. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर दोघांच्या सह्या लागणार, दोघांना माहिती असायलाच पाहिजे.

आईंना सगळे आकडे सांगायची गरज नाही. एवढंच म्हणा की, आई, डॉक्टरांनी मला पण इलाज सांगितलाय, आता तिला काही बोलू नका. एवढ्या एका वाक्याने घरातली हवा बदललेली मी पाहिलीय. जमलं नाही एकदम तर आधी वहिनींना सांगा. शिफ्टवरून आल्यावर, चहा झाला की दोघं गच्चीवर जा नाहीतर अंबाझरीला एक चक्कर मारा, आणि डिक्कीतला रिपोर्ट सोबत घ्या. तो काढून त्यांच्या हातात द्या, ४ टक्केवाली गोष्ट सांगा, फ्रीझ केलेल्या एम्ब्रियोचं सांगा, आणि पुढच्या अपॉइंटमेंटला काय विचारायचं ते दोघं मिळून कागदावर लिहा. त्या काय म्हणाल्या ते मला कळवाल का? मी वाट पाहते.